किल्ली कुणाच्या हातात?

(नाशिक येथे स्त्री-सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या सत्राचं नाव पत्रिकेत 'माहितीची सुरक्षितता आणि नवे तंत्रज्ञान' असं छापलं आहे. ते वाचून जेवणानंतरची ही वेळ काहीजणींनी डुलकीसाठी राखून ठेवली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. तंत्रज्ञान हा शब्दच असा वापरला जातो की बायकांना वाटावं, हे आपलं काम नव्हे. मी पोटासाठी संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते आणि शनिवारी सल्ला केंद्रात बसते. त्यामुळे दोन्हीकडची भाषा मला थोडीथोडी येते. आज मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे आलेल्या बाईने विश्वासाने सांगितलेली हकिकत आपण कुठे ठेवतो, आणि ती उघडण्याची किल्ली कुणाकडे असते?

हा प्रश्न आत्ताच का निघाला, तेही सांगते. तुमच्यापैकी बऱ्याच केंद्रांपुढे सध्या एकच प्रस्ताव आहे. जुन्या फायली स्कॅन करायच्या, नव्या नोंदी थेट संगणकावर घ्यायच्या आणि सगळं 'क्लाउड'वर ठेवायचं. म्हणजे जागा वाचेल, सगळ्या शाखांना एकत्र काम करता येईल, काही हरवणार नाही. कंपनीचा माणूस येतो आणि म्हणतो, "मॅडम, सगळं एन्क्रिप्टेड आहे, काळजीच नको." प्रस्ताव वाईट नाही. पण त्याला हो म्हणण्याआधी आपल्याला काही प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि मिळालेलं उत्तर खरं की गोलमाल, हे कळलं पाहिजे.

आधी आपल्या कपाटात काय आहे ते आठवू या. अर्ज, जबाब, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांत दिलेल्या तक्रारीच्या प्रती, लग्नाच्या पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले. भारतीय दंड संहितेत ४९८अ कलम आलं १९८३ साली, आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. प्रत्येक कायद्याबरोबर आपल्या फायली जाड होत गेल्या. आता त्यात फोनमधले फोटो, धमक्यांचे संदेश, रेकॉर्ड केलेले आवाज यांची भर पडली आहे. एका बाईचं अख्खं आयुष्य एका पिवळ्या फायलीत असतं. ती नवऱ्याच्या हाती लागली तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या कागदांना धोके तीन. एक, ते नष्ट होतील. दोन, ते नको त्या हाती पडतील. तीन, ते कोर्टात नेल्यावर 'हे खरे कशावरून?' असं कुणी विचारेल. हे तीन धोके वेगवेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत. कंपनीचा माणूस तिन्हींवर एकच शब्द सांगतो, तेव्हा गोंधळ होतो.

पहिला धोका नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही. गोदावरीला पाणी चढलं की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो. कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, अशी आपली मोजपट्टी. २००८ सालच्या सप्टेंबरमध्ये आणि २०१६ च्या २ ऑगस्टला काय झालं, ते सराफ बाजारातल्या आणि नदीकाठच्या लोकांना विचारा. तळमजल्यावरच्या कपाटाला पूर दयामाया दाखवत नाही. वाळवी, आग, भाड्याची खोली अचानक सोडावी लागणं, हे त्याचेच भाऊ. यावरचा उपाय जुनाच आहे. एकाच गोष्टीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. संगणकवाल्यांचा एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी हवी. आपल्या आज्या बियाणं एकाच कणगीत ठेवत नसत, त्यातलाच हा प्रकार.

क्लाउड म्हणजे ही दुसऱ्या गावची प्रत. नाव ढगाचं असलं तरी ते आकाशात नसतं. कुठल्या तरी इमारतीत, गार केलेल्या खोल्यांत, रांगेने लावलेले संगणक असतात आणि आपल्या फायली तिथे जातात. अशी इमारत पाहायला अमेरिकेला जायला नको, ती आपल्याच सातपूरला आहे. पियूष सोमाणी यांनी २००५ साली सुरू केलेली ईएसडीएस ही कंपनी नाशिकची. नाशिक, नवी मुंबई आणि बंगळुरू इथे तिची डेटा सेंटर आहेत, आणि सहकारी बँका, सरकारी खाती तिच्या ग्राहकांत आहेत. म्हणजे तुमच्या पतपेढीच्या खात्याचा हिशेब एखाद्या वेळी तुमच्या घरापासून चार-पाच मैलांवरच्या 'ढगात' असू शकतो.

पुण्याचं उदाहरण याहून जवळचं आहे, कारण ती कंपनी नेमकं प्रती राखण्याचंच काम करते. २००८ साली जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंडरामन यांनी पुण्यात 'ड्रुवा' सुरू केली. नाव आपल्या ध्रुवताऱ्यावरून घेतलेलं. सुरुवातीला मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांच्या लॅपटॉपमधल्या फायलींची प्रत आपोआप घेणं हा त्यांचा धंदा होता. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला तरी काम अडू नये. त्यात त्यांनी एक युक्ती वापरली. पन्नास जणांच्या यंत्रात एकच पत्रक असेल, तर ते पन्नास वेळा साठवायचं नाही, एकदाच साठवायचं आणि बाकीच्यांची फक्त नोंद ठेवायची. त्यामुळे जागा आणि पैसा दोन्ही वाचले. पुढे कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियाला गेलं, बरंचसं काम पुण्यात राहिलं, आणि २०१९ साली तिची किंमत शंभर कोटी डॉलरच्या वर धरली गेली.

शंभर कोटी डॉलर! माहिती हरवू नये या भीतीची बाजारातली किंमत एवढी आहे. कंपन्यांना ही भीती परवडते. आपल्याकडे जी माहिती आहे तिला बाजारभाव नाही, पण ती हरवली तर एखाद्या बाईची पोटगी बुडते, एखादीचा मुलांवरचा ताबा जातो. म्हणून हे तंत्र फक्त कंपन्यांचं राहू नये, असं मला वाटतं.

आता दुसरा धोका, नको त्या हाती पडण्याचा. इथे 'एन्क्रिप्शन' हा शब्द येतो. मजकूर कूटबद्ध करणे असा त्याचा सरळ अर्थ. लहानपणी आपण सगळ्याजणी चची भाषा बोललो आहोत. शब्दाला च लावायचा, अक्षरं फिरवायची आणि मोठ्यांसमोर गुपित बोलायचं. पण ही भाषा शेजारच्या मुलींनाही यायची. युक्ती कळली की गुपित संपलं. खऱ्या एन्क्रिप्शनमध्ये युक्ती सगळ्या जगाला माहीत असते आणि तरी गुपित टिकतं, कारण गुपित युक्तीत नसतं, किल्लीत असतं. ऑगस्ट केर्कहॉफ नावाच्या भाषातज्ज्ञाने हे तत्त्व १८८३ सालीच मांडलं होतं. आज सर्रास वापरली जाणारी एईएस ही पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केली आणि अमेरिकेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. ती छापील पुस्तकात मिळते. तिची मोठी किल्ली २५६ बिटांची असते, म्हणजे एकूण किती किल्ल्या शक्य आहेत ते लिहायचं तर ७८ आकडी संख्या लागते. एकेक किल्ली लावून बघत बसणाऱ्याला जन्म पुरणार नाही.

म्हणजे कुलूप पक्कं आहे. यावर आता वाद नाही. म्हणूनच 'एन्क्रिप्टेड आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचा प्रश्न असा: 'किल्ली कुणाच्या हातात?'

याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत कुलूपही कंपनीचं आणि किल्लीही कंपनीची. बाहेरचा चोर आत शिरला तर त्याला काही वाचता येत नाही, पण कंपनीला येतं, आणि कंपनीकडे जो अधिकाराने मागेल त्यालाही मिळू शकतं. फुकट मिळणाऱ्या बहुतेक सोयी अशाच आहेत. दुसऱ्या तऱ्हेत किल्ली तुमच्या नावाची असते. ती कंपनीच्या यंत्रणेत फिरते, पण तुमच्या परवानगीशिवाय वापरायची नाही असा करार असतो. मोठ्या कंपन्या बहुधा अशी व्यवस्था घेतात. तिसऱ्या तऱ्हेत फाईल तुमच्याच यंत्रावर कूटबद्ध होऊन बाहेर पडते आणि किल्ली तुमच्यापाशीच राहते. कंपनीकडे जातो तो नुसता गिचमिड मजकूर. तिने ठरवलं तरी तिला तो वाचता येत नाही.

तुमच्या हातातल्या फोनवरून हे तपासता येईल. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात, हे आपण ऐकलं आहे. पण त्याच संदेशांची प्रत गूगलच्या किंवा ॲपलच्या क्लाउडवर जाते, तिला तसंच कुलूप लावण्याची सोय २०२१ साली आली, आणि ती आपण होऊन चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये जाऊन, बॅकअपच्या पानावर, स्वतःचा पासवर्ड ठरवून. समुपदेशनाचे संदेश आपण याच फोनवर घेतो. म्हणजे पुढचा दरवाजा बंद आणि परसदार उघडं, अशी अनेकींची अवस्था असणार. हे काम आज शिबिर संपायच्या आत करून टाका, मी मागे बसून मदत करीन.

पण तिसऱ्या तऱ्हेची एक किंमत आहे आणि ती कंपनीचा माणूस हळू आवाजात सांगतो. किल्ली हरवली तर सगळं गेलं. 'पासवर्ड विसरलात का?' असं विचारून कुणी नवा देणार नाही, कारण त्यांच्याकडे तो नसतोच. आपल्या संस्थांत हा धोका लहान नाही. कार्यकर्ती लग्न होऊन जाते, आजारी पडते, मतभेद होऊन बाहेर पडते. तिच्या एकटीच्या डोक्यात पासवर्ड असला, तर तीस वर्षांचं काम तिच्याबरोबर जातं. त्यावर काय करायचं ते पुढे सांगते.

त्याआधी आपल्या बायकांच्या बाबतीतला खरा घोटाळा. ही सगळी कुलपं बाहेरच्या चोरासाठी बनवली आहेत. कंपन्यांच्या मनातला शत्रू दूरदेशी बसलेला असतो. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा शत्रू त्याच खोलीत झोपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आढळल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे स्वतःचा फोन नव्हताच. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी कितीजणींचं खातं नवऱ्याने किंवा दिराने उघडून दिलेलं असतं, हे तुम्ही रोज पाहता. पासवर्ड विसरल्यास ज्या नंबरवर निरोप जातो, तो नंबर कुणाचा? व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाच्या संगणकाला जोडलेलं आहे का? बोटाच्या ठशाने उघडणारा फोन झोपलेल्या बाईच्या बोटानेही उघडतो. २५६ बिटांची किल्ली तिथे काय करणार?

म्हणून मी असं सुचवते, की बाईला तिच्याच फोनमध्ये पुरावे साठवून ठेव असं एकदम सांगू नये. आधी विचारावं, फोन कुणी घेऊन दिला, रिचार्ज कोण करतं, मुलं खेळायला घेतात का, सासूबाई मागतात का. मग ठरवावं. कधी कधी पुराव्याची सुरक्षित जागा माहेरच्या भावजयीचा फोन असते, कधी आपलं केंद्र, आणि कधी तांदळाच्या डब्यात ठेवलेला कागद. तिचा निर्णय तिच्या घराकडे बघून घ्यायचा असतो, यंत्राकडे बघून नव्हे.

आता कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं. आपल्या दृष्टीने हा मोठा निकाल, कारण 'घरातली गोष्ट घरात' हा युक्तिवाद आजवर बाईच्या विरुद्धच वापरला गेला. घराचा खाजगीपणा म्हणजे घरधन्याचा खाजगीपणा असं समजलं जाई. या निकालात हक्क घराला दिलेला नाही, माणसाला दिला आहे, आणि बाई माणूस आहे.

पण याच देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलमही आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सरकार कूटबद्ध माहिती उलगडून द्यायला सांगू शकतं. सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंपनीला हा हुकूम येऊ शकतो, आणि किल्ली तुमच्याकडे असेल तर तुम्हालाही येऊ शकतो. फरक एवढाच, की किल्ली तुमच्याकडे असली तर निदान तुम्हाला कळतं, वकिलाकडे जाता येतं. कंपनीकडे असली तर तुमच्या पाठीमागे होऊन जातं. हा ताण फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशातल्या ग्राहकांसाठी आपली सर्वांत कडक कुलपाची सोय काढून घेतली. एका कंपनीच्या आणि एका सरकारच्या झटापटीत लोकांच्या हातची किल्ली गेली.

शिवाय २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. तो फक्त कंपन्यांसाठी आहे असं समजू नका. बाईची माहिती संगणकात घेतली, की ती कशासाठी घेतली हे तिला समजेल अशा भाषेत सांगणं, तिची संमती घेणं, काम संपल्यावर माहिती पुसणं, ही जबाबदारी आपल्यावरही येते. मला विचाराल तर कायदा नसता तरी हे आपण करायला हवं होतं. बाईच्या शरीराबद्दल, लग्नाबद्दल तिच्या संमतीचा आग्रह धरणाऱ्या आपण, तिच्या कहाणीबद्दल संमती न विचारता कशा राहू?

तिसरा धोका पुराव्याचा. इथे उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, हा मुद्दा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. चित्रीकरण होतं, पण ते खरं असल्याचं कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र आवश्यक. कुणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. आणि मूळ यंत्रच, म्हणजे तो फोनच, त्याच्या मालकाने कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही.

दोन आमदारांच्या भांडणातून निघालेला हा नियम आज आपल्या बायकांना रोज लागू होतो. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला, भारतीय साक्ष्य अधिनियम. त्याच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात दिला आहे. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचा 'हॅश' लिहायचा. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. कितीही मोठी फाईल असो, तिच्यावरून ठरावीक लांबीचा आकडा-अक्षरांचा एक तुकडा तयार होतो. एका पद्धतीत तो ६४ अक्षरी असतो. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तुकडा पार बदलतो. म्हणून बाईने रेकॉर्डिंग आणून दिलं, की त्याच दिवशी त्याचा हॅश काढायचा, तारीख घालून नोंदवहीत लिहायचा, खाली दोघींच्या सह्या. चांगल्या क्लाउड बॅकअपमध्ये फाईल कधी आली आणि पुढे बदलली का, याची नोंद आपोआप राहते. हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो जाहिरातीत क्वचितच सांगतात. पण मूळ फोन विकू नका, दुरुस्तीला देऊ नका, पुसू नका, हेही बाईला त्याच वेळी सांगा.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग खटल्यात, नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल असा निकाल दिला. यावर आपल्यात दोन मतं होतील आणि व्हायला हवीत. मार खाणाऱ्या बाईला बंद दाराआडचं दाखवायला याचा उपयोग आहे. पण ज्या खटल्यातून हे आलं, त्यात रेकॉर्ड करणारा नवरा होता, आणि घरातली यंत्रं बहुधा नवऱ्याच्याच ताब्यात असतात. हत्यार दोघांना मिळालं, पण ज्याच्या हातात आधीपासून जास्त हत्यारं आहेत त्याला ते जास्त उपयोगी पडणार. रागाच्या भरात फोनवर काय बोललीस तेही उद्या कोर्टात वाजू शकतं, हे बाईला सांगणं आता समुपदेशनाचा भाग झाला आहे.

आता एकत्र काम करण्याची साधनं. सामायिक तक्ते, सामायिक फोल्डर, ग्रुप. सोय खूप. सिन्नरच्या केंद्रात नोंद झाली की नाशिकला दिसते. पण कुणाकुणाला दिसते? 'लिंक असेल त्या कुणालाही उघडता येईल' अशी परवानगी देऊन तक्ता पाठवला, की ते लिंक पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नाही. पत्रकाराला, विद्यापीठातल्या संशोधिकेला, देणगीदार संस्थेला आकडे हवे असतात. त्यांना आकडे द्या, नावांचा तक्ता देऊ नका.

नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस आठवा. देशाचे मुद्रांक तिथे छापले जातात. कागद खास, शाई खास, बंदोबस्त कडक. तरी तेलगीने बनावट मुद्रांकांचा एवढा मोठा धंदा उभा केला, आणि त्यासाठी याच प्रेसमधून निकालात काढलेली यंत्रं त्याने मिळवल्याचं तपासात पुढे आलं. भिंत फोडावी लागली नाही. जुनी यंत्रं आणि फितूर माणसं पुरली. आपल्याकडचा जुना लॅपटॉप भंगारात देताना, संस्था सोडून गेलेल्या कार्यकर्तीचं खातं तसंच चालू ठेवताना, हे आठवा.

जगातल्या मानवी हक्कांच्या संघटनांनी या अडचणीवर पूर्वीच एक उत्तर शोधलं होतं. बेनेटेक या अमेरिकेतल्या बिगर-नफा संस्थेने २००३ साली 'मार्टस' नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ साक्षीदार. अत्याचाराच्या नोंदी संघटनेच्याच संगणकावर कूटबद्ध व्हायच्या, प्रत परदेशातल्या यंत्रावर जायची, किल्ली संघटनेकडेच राहायची. कार्यालयावर धाड पडली, संगणक नेले, तरी साक्ष शिल्लक राही. ग्वाटेमालासारख्या देशांत त्याचा उपयोग झाला. पण पुढे २०१८ च्या सुमारास बेनेटेकने त्यावरचं काम थांबवलं. यातून मी दोन गोष्टी घेते. असं साधन आपल्यासारख्यांसाठी बनू शकतं. आणि कुठलंही साधन कायमचं नसतं, म्हणून आपली माहिती बाहेर काढून घेता येईल अशाच ठिकाणी ठेवावी.

मग करायचं काय? माझ्या सूचना अशा.

पहिली, सगळं चढवू नका. मिटलेली प्रकरणं, केवळ सवयीने ठेवलेले फोटो, तिऱ्हाइतांची नावं यांतलं बरंच काही ठेवण्याची गरजच नाही. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही. काय ठेवायचं आणि किती वर्षं, हे लेखी ठरवा.

दुसरी, बाईला विचारा. तिच्या भाषेत, कागद वाचून दाखवून. नाही म्हणाली तर तिची फाईल कागदावरच राहील आणि तिला मदत तेवढीच मिळेल.

तिसरी, नावं आणि हकिकती वेगळ्या ठेवा. हकिकतीवर क्रमांक, आणि क्रमांक कुणाचा ते सांगणारी वही कपाटात, कुलपात.

चौथी, किल्ली एकीकडे नको. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं करा. पासवर्डाचे दोन भाग करून दोघींकडे द्या, आणि पूर्ण पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सील करून, तिसरीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पाकीट उघडलं तर त्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात झाली पाहिजे.

पाचवी, वर्षातून एकदा प्रत परत आणून बघा. पावसाळ्यापूर्वी छप्पर बघतो तसं. ठेवलेली प्रत उघडते की नाही हे न तपासता निर्धास्त राहणं म्हणजे रिकाम्या कणगीवर झाकण ठेवणं.

सहावी, कंपनीला चार प्रश्न लेखी विचारा. किल्ली कुणाकडे? माहिती कोणत्या देशात? सरकारने मागितली तर आम्हाला कळवाल का? करार संपला तर सगळी माहिती किती दिवसांत परत द्याल आणि तुमच्याकडची पुसाल? उत्तर लेखी आलं नाही, तर ते नाही आलं असंच धरा.

काही ज्येष्ठ मैत्रिणींचं म्हणणं आहे, की हे सगळं कशाला, कागद आणि कपाट बरं. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. कागदाला पासवर्ड लागत नाही, वीज लागत नाही, आणि तो हजार प्रती होऊन एका रात्रीत पसरत नाही. पण कागद पुरात वाहून जातो, आणि शाखा वाढल्या की एकाच बाईला तीन ठिकाणी तीच जखम पुन्हा उलगडून सांगावी लागते. तेही एक छळणंच आहे. मला वाटतं, थोडं कागदावर, थोडं यंत्रात, असं मिश्र काम आपल्याला बराच काळ करावं लागेल.

शेवटचा मुद्दा संघटनेबद्दलचा. प्रत्येक संस्थेत संगणक येणारी एक मुलगी असते आणि बाकीच्या तिच्यावर भिस्त ठेवून मोकळ्या होतात. यातून तिच्यावर ओझं पडतं आणि तिच्या हाती नको इतकी सत्ताही येते. घरातल्या आर्थिक व्यवहारांची किल्ली एकट्या पुरुषाकडे असू नये, असं आपण बायकांना शिकवतो. मग आपल्या कामाच्या किल्लीबद्दल वेगळा न्याय कसा? साठ वर्षांच्या मावशींनीही एकदा फाईल कूटबद्ध करून, पुसून, परत आणून पाहिली पाहिजे. दुपारभराचं काम आहे. इंग्रजी शब्द आडवे येतील, ते आपण मराठीत करून भिंतीवर लावू.

पुढच्या तिमाही बैठकीत आपापल्या केंद्राने दोन कागद आणावेत, अशी माझी विनंती आहे. एकावर, सध्या आपल्या फायलींच्या आणि फोनच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी. दुसऱ्यावर, त्या कुणाकडे असायला हव्यात ते. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून आपण निर्णय घेऊ, आणि कंपनीच्या माणसाला त्यानंतरच बोलावू.